मुलाखत आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर

विद्यालयाच्या या स्मरणिकेत आठवणींचे लेख पुष्कळ येतील आणि ते यावयासच हवेत. आम्ही मात्र येथे व्यवहारातील एक लहानसा पाठ मांडणार आहोत. अर्ज कसा लिहावा हे आम्ही आठवी-नववीच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, फी-माफीचा अर्ज हे सर्व त्यांना तोंडपाठ असतात. परंतु पदवीच्या उंबरठ्यावर ज्याची खरी गरज पडते, तो मुलाखतीची तारीख बदलून मागण्याचा अर्ज आम्ही कधीच शिकविला नाही. ही उणीव एका माजी विद्यार्थ्यामुळे आमच्या ध्यानी आली.

हा मुलगा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा. पाचवीत वसतिगृहात आला आणि बारावीनंतर शहरात वाणिज्य शाखेत शिकू लागला. पदवीच्या अखेरच्या सत्रात असताना एका खाजगी कंपनीकडून त्यास मुलाखतीचे बोलावणे आले. तारीख नेमकी त्याच्या एका पेपरची होती. त्याने कोणालाही विचारले नाही. पेपर सोडला, मुलाखत दिली, निवडही झाली. नेमणूकपत्रात अट होती की, अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका ठराविक मुदतीत सादर करावी. एका विषयापुढे ‘गैरहजर’ असा शेरा असलेली गुणपत्रिका घेऊन तो कोठे जाणार? नेमणूक रद्द झाली आणि राहिलेल्या पेपरसाठी पुढच्या परीक्षेची वाट पाहावी लागली. पुढे त्यास कळले की, त्या कंपनीच्या मुलाखती सलग तीन दिवस चालल्या होत्या. दुसऱ्या दिवसाची वेळ मागितली असती, तर कदाचित मिळाली असती. “मग मागितली का नाहीस?” असे आम्ही विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, विचारलं तर आहे तेही जाईल, असं वाटलं.”

या भीतीचे मूळ त्या मुलाच्या स्वभावात नाही. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या मिळेल ते मुकाट्याने घ्यावयाचे वळण लावले गेले, त्या घरातील पहिल्या पदवीधरास तारीख बदलून मागणे हा उद्धटपणा वाटतो. म्हणून अर्जाचा नमुना देण्यापूर्वी ही भीती दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुदत मागणारा एक विद्यार्थी

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, म्हणून उदाहरणही इतिहासातील देतो. १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. एकीकडे करारानुसार बडोद्याची नोकरी, दुसरीकडे लंडनची अपुरी पदवी, असा तो पेच होता. त्यांनी पदवीवर पाणी सोडले नाही. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळविली.

पुढचा काळ खडतर होता. बडोद्यातील अपमानानंतर ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पै-पै साठविली. स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी, ते लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, बाबासाहेबांनी मुदत मागितली ती वेळेत मागितली, योग्य ठिकाणी मागितली आणि मिळालेली मुदत पाळली. त्यात लाचारी कोठेही नव्हती. एका दिवसाची मुदत मागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हेच तीन नियम पाळावेत.

विनंती करण्यापूर्वी

प्रथम दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. पेपर सकाळचा आहे की दुपारचा? मुलाखतीचे ठिकाण परीक्षा केंद्रापासून किती दूर? विद्यापीठाने सुधारित वेळापत्रक काढले आहे काय? पुष्कळदा तारीख एकच असली तरी वेळा निराळ्या असतात. अशा वेळी तारीख बदलून मागण्याऐवजी केवळ वेळ पुढे मागावी. ती लवकर मिळते.

कोणती तारीख हलू शकते, याचाही विचार करावा. विद्यापीठ हजारो विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच वेळी घेते. एकासाठी पेपर पुढे जात नाही. खाजगी कंपनीची मुलाखत मात्र दोन-चार माणसांच्या सोयीने ठरलेली असते आणि बहुधा एकाहून अधिक दिवस चालते. म्हणून विनंती तेथे करावी. महाविद्यालयातच मुलाखती असतील, तर प्लेसमेंटचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांमार्फत बोलावे. अनेकांची अडचण एकच असल्यास सर्वांनी मिळून प्राचार्यांना निवेदन द्यावे.

केंद्रीय लोकसेवा आयोग किंवा बँकांची भरती यांसारख्या ठिकाणी मात्र तारीख बदलण्याची विनंती सामान्यतः मान्य होत नाही, असे पत्रातच छापलेले असते. त्या सूचना ओळ न् ओळ वाचाव्यात. काही सवलत असल्यास ती तेथेच सापडेल.

पत्राचा नमुना

बोलावणे आल्यापासून एक-दोन दिवसांतच पत्र धाडावे. ज्या ई-मेलवरून बोलावणे आले, त्यासच उत्तर द्यावे. बोलावणे इंग्रजीत असेल तर उत्तरही इंग्रजीत लिहावे. मजकूर असा असावा :

“महोदय, कनिष्ठ लेखापाल या पदाच्या मुलाखतीसाठी दि. १५ एप्रिल रोजी सकाळी ११ वाजता बोलाविल्याचे आपले पत्र मिळाले. या संधीबद्दल मी आभारी आहे. त्याच दिवशी सकाळी १०.३० ते दुपारी १ या वेळेत माझा बी.कॉम. अंतिम सत्राचा विद्यापीठाचा पेपर आहे. वेळापत्रक व प्रवेशपत्र सोबत जोडले आहे. दि. १६ किंवा १८ एप्रिल रोजी, अथवा परीक्षा संपल्यानंतर दि. २३ एप्रिलपासून कोणत्याही दिवशी मी उपस्थित राहू शकेन. मुलाखत १५ तारखेलाच घेणे आवश्यक असल्यास दुपारी ३ नंतर प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन उपस्थित राहण्याची माझी तयारी आहे. या पदावर काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. आपणांस सोयीची वेळ कृपया कळवावी.”

पत्राखाली नाव, मोबाइल क्रमांक आणि अर्ज क्रमांक लिहावा. दोन दिवसांत उत्तर न आल्यास एकदा दूरध्वनी करावा. वारंवार करू नये.

या पत्रात काय आहे ते पाहा. अडचण एका वाक्यात आहे, तिचा पुरावा जोडलेला आहे, पर्यायी दिवस उमेदवारानेच सुचविले आहेत आणि नोकरीची इच्छा स्पष्ट सांगितली आहे. काय नाही, तेही पाहा. घरच्या गरिबीचे वर्णन नाही, ‘मेहेरबान’ नाही, ‘आपल्या पायाशी’ नाही आणि आजारपणाची खोटी सबबही नाही. ताप आल्याचे लिहिले तर वैद्यकीय दाखला मागतील. मग एका असत्यासाठी दुसरे उभे करावे लागेल. परीक्षा हे कारण खरे आहे, सन्मानाचे आहे आणि समोरच्यास समजणारे आहे.

नकार आला तर

प्रत्येक विनंती मान्य होतेच, असे आम्ही सांगणार नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने असेच पत्र वेळेत लिहिले. तारीख बदलता येणार नाही, असे उत्तर आले. तिने पेपर दिला. ती नोकरी गेली. दुसरी मिळावयास आठ महिने लागले आणि पगारही कमी होता. त्या आठ महिन्यांत घरच्यांची बोलणी तिने ऐकली. आजही तिला ती संधी गेल्याचे वाईट वाटते. पण पदवी हाती होती म्हणून दुसरीकडे अर्ज तरी करता आला, असे ती सांगते.

तेव्हा नियम असा धरावा : ज्या नोकरीस पदवी आवश्यक आहे, तिच्यासाठी पदवीचा पेपर सोडू नये. तो सोडणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणे होय. मात्र पद कायम स्वरूपाचे असेल, त्यास बारावीची पात्रता पुरेशी असेल आणि राहिलेला पेपर पुढच्या सत्रात देता येत असेल, तर मुलाखतीस जाणे शहाणपणाचे ठरू शकते. हा निर्णय एकट्याने आणि आदल्या रात्री घेऊ नये. आपल्या प्राध्यापकांस विचारावे, शाळेतील शिक्षकांस दूरध्वनी करावा. आम्ही निवृत्त झालो तरी दूरध्वनी घेऊ.

पालकांना एवढीच विनंती की, “नोकरी चालून आली, परीक्षा काय पुन्हा येईल” असे घाईने म्हणू नये. मुलास आधी एक प्रश्न विचारावा : “तारीख बदलून मागितलीस का?”

शेवटचे बोलणे माजी विद्यार्थ्यांशी. आपल्यापैकी अनेक जण आज बँकांत, कार्यालयांत आणि कारखान्यांत मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूस बसतात. एखाद्या अनोळखी मुलाचे असे पत्र आपल्या टेबलावर आले, तर ते बाजूला सारू नका. दिवस बदलून देणे शक्य असेल तर द्या. शक्य नसेल तर तसे वेळेवर कळवा, म्हणजे तो निदान निश्चिंत मनाने पेपर लिहील. यंदापासून नववीच्या वर्गात आम्ही हे पत्र फळ्यावर लिहून देणार आहोत.