मेहुणे खोटं बोलत नाहीत, ठोकून देतात

प्रश्न : आमचे मेहुणे शेअर बाजार, कायदा, मधुमेह, कशावरही बेधडक ठोकून देतात. पकडलं की म्हणतात, "मी काय मुद्दाम खोटं बोललो का?" यात खरंच काही गैर आहे का?

उत्तर : आहे. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने नेमक्या याच गोष्टीवर १९८६ साली निबंध लिहिला. २००५मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याचं छोटेखानी पुस्तक काढलं आणि तत्त्वज्ञानाचं असूनही ते धडाक्यात खपलं. त्याचं म्हणणं असं : खोटं बोलणाऱ्याचं निदान सत्याकडे लक्ष असतं, कारण त्याला तेच लपवायचं असतं. ठोकून देणाऱ्याला खऱ्याखोट्याशी देणंघेणंच नसतं. त्याला फक्त छाप पाडायची असते. म्हणून फ्रँकफर्ट त्याला सत्याचा मोठा शत्रू मानतो.

कट्ट्यावरच्या गप्पा तो वेगळ्या काढतो, आणि ते योग्यच आहे. तिथे माणसं एखादं मत नुसतं बोलून बघतात. ते कुणी मनावर घेत नाही. पण तेच मेहुणे आजारी नातेवाइकाच्या खाटेशी बसून सांगतात, "गोळ्या सोडा, रोज सकाळी कारल्याचा रस घ्या, महिन्यात साखर जागेवर येते." नात्याने मोठं माणूस, आवाजात खात्री. ऐकणारा खरोखरच गोळी चुकवतो. हेतू चांगला होता, कबूल. पण 'मला यातलं कळतं का?' एवढं स्वतःला विचारणं त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी केलं नाही, म्हणून 'मुद्दाम नाही' हा बचाव मला मान्य नाही.

दोष त्यांच्या एकट्याचा नाही. जावई असो, साहेब असो की शिक्षक, 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला आपण कमी लेखतो. प्रत्येक विषयावर मत असलंच पाहिजे या समजुतीतून ही सवय फोफावते, हे फ्रँकफर्टनेही सांगितलं आहे.

चारचौघांत त्यांचं वाक्यन् वाक्य खोडत बसू नका. ठोकायला क्षण पुरतो, खोडायला तास लागतो. त्यापेक्षा सरळ विचारा, "हे तुम्हाला कुठून कळलं?" बाकी विषय एक वेळ सोडून द्या, पण पैसा आणि औषध यांबाबत हे विचारल्याशिवाय त्यांचा एकही सल्ला घरात कुणाला घेऊ देऊ नका.