गणित सोडण्याआधी

शहादा

चि. छकुलीस,


काल तुझ्या बापाचा फोन आला होता. मिरचीच्या भावावर बोलता बोलता हळूच म्हणाला, की तू गणित सोडून इतिहास घेऊन बी.ए.ला जायचं म्हणतेयस. स्टँडवरच्या कुणा दादाने सांगितलंय म्हणे, बी.एड.ला कोणतीही पदवी चालते, हजेरीचं आणि टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, बघून घेऊ. फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

चालते कोणतीही पदवी, खोटं नाही. पण बी.एड.ला अध्यापनाचे विषय मिळतात ते तुझ्या पदवीकडे बघूनच. टीईटीच्या दुसऱ्या पेपरला, म्हणजे सहावी ते आठवीसाठी, गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांतलं एक घ्यावं लागतं. पुढे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर हायस्कूलच्या जागा निघतात त्या विषय लावून. हे त्या दादाने सांगितलं का? आणि टीईटीचं तो काय बघून घेणार? २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन पास झालेल्यांचं २०२१ साली पुण्याच्या पोलिसांनी बाहेर काढलं. हजारो नावं होती. त्यांच्या आईबापांनी काय काय विकलं असेल कोण जाणे. सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या टीईटी सक्तीच्या निकालानंतर तर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसंसुद्धा टीईटीची पुस्तकं उघडून बसलीत. त्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही. एवढं माझं ऐक.

आणि गणित का सोडतेस? एक पेपर राहिला म्हणून?

मला बी.एस्सी. करायची होती, तुला ठाऊक आहे. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हाही नव्हता, तो १९९८ साली झाला. आमचं सगळं धुळ्याला. पोरीला तिकडे खोली करून ठेवायला आप्पा तयार झाले नाहीत. डी.एड. केलं की लगेच नोकरी, म्हणून ते केलं. नोकरीने मला खूप दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण धडगावकडच्या आश्रमशाळेत सातवीचं गणित माझ्याकडे आलं तेव्हा एका पावरा पोराने विचारलं, बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना, मग अर्ध्याने भागलं तर उत्तर वाढतं कसं? त्याने विचारलं पावरीत आणि मी सांगितलं पुस्तकातल्या मराठीत, तेही उलटा करून गुणायचं एवढंच. पोरगं गप्प बसलं. त्याला कळलं म्हणून नव्हे. आज मी त्याच्यापुढे भाकरी मोडून दाखवली असती, की बघ, चार भाकरींत अर्ध्या किती निघतात. तेव्हा सुचलं नाही, कारण माझंच गणित तेवढं खोल नव्हतं.

तू माझ्या क्वार्टरवर त्याच पोरांत खेळून मोठी झालीस. पावरी तुला शिकावी लागली नाही. पावरीत गणित समजावणारी बाई मला नोकरीभरात भेटली नाही गं. म्हणून जीव तुटतो.

इतिहासाला मी कमी लेखत नाही. नंदुरबारात राहून ९ सप्टेंबर १९४२ चा हुतात्मा शिरीषकुमार नीट सांगणारा शिक्षकही हवाच. तुझं मन खरंच तिकडे असेल तर जा. भावाला मी समजावते, फी मी भरते. फक्त भिऊन जाऊ नकोस. गणितात राहिलीस तर राहिलेला पेपर पुढच्या वेळी निघेल. तुझा काका बारावीला दोनदा बसला होता, घरात कुणी बोलत नाही एवढंच.

जास्त बोलले असेन. तू लहानपणी माझ्या हजेरीपटावर पाढे लिहून ठेवायचीस आणि मी तुला रागावायची, ते आठवून आज मलाच वाईट वाटलं. रविवारी ये. आमचूर ठेवलाय, आंबट वरण करते. फॉर्म अजून भरला नसशील तर सोबत आण, दोघी बसून बघू. आणि रात्री जागून काळा चहा पिऊ नकोस, तुला पित्त होतं.

तुझी,
आत्या