व्यवसायासाठी सॉफ्टवेअर : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव आता संगणकावर बिले बनवितात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिल, चलन, एचएसएन कोड आणि विवरणपत्र यांच्याशी लहान दुकानदाराचाही संबंध आला. साहजिकच सॉफ्टवेअर विकणारे प्रतिनिधी दुकानाच्या पायऱ्या चढू लागले. मालक पंधरा मिनिटे पडद्यावरची चित्रे पाहतो, शेजारच्या दुकानदाराने काय घेतले ते विचारतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. सहा महिन्यांनी पाहावे तर मुनीमजी जुन्या वहीतच हिशेब लिहीत असतात, सॉफ्टवेअरवर फक्त बिले छापली जातात आणि गोदामातला माल व पडद्यावरचा आकडा यांचा मेळ बसत नाही.

दोष सॉफ्टवेअरचा असतो काय? बहुतेक वेळा नसतो. नवा यंत्रमाग घेताना आपण आधी जागा पाहतो, वीज पाहतो, कोणते सूत चालवायचे ते ठरवितो, चालविणारा कारागीर शोधतो. सॉफ्टवेअर हेही एक यंत्रच आहे. ते दुसऱ्याने बनविलेले असते आणि त्याला आपला धंदा ठाऊक नसतो. ते आपल्या धंद्यात बसविण्याचे काम मालकाचे असते, हे विसरल्यामुळे पैसा वाया जातो. मोठमोठ्या कंपन्याही या बाबतीत फसल्या आहेत. प्रथम त्यांची दोन उदाहरणे पाहू.

हर्शी : घाईचा धडा

अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेट व गोळ्या बनविणारी जुनी कंपनी. तिने १९९६ साली आपली सर्व कामे नव्या सॉफ्टवेअरवर आणण्याचे ठरविले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एकत्र जोडायची होती आणि खर्च होता सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर. काम चार वर्षांचे होते. पण २००० साल सुरू होताच जुन्या संगणकांत तारखांचा घोळ होईल अशी त्या वेळी भीती होती, म्हणून ते अडीच वर्षांत उरकायचे ठरले. एप्रिल १९९९ ची मुदत हुकली आणि जुलैमध्ये सर्व काही एकदम सुरू करण्यात आले.

जुलैनंतरचे महिने म्हणजे त्या धंद्याचा ऐन हंगाम. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे हॅलोविन येतो आणि मुलांना वाटण्यासाठी गोळ्या-चॉकलेटांची प्रचंड खरेदी होते. त्याच वेळी ऑर्डरी अडकल्या. विशेष म्हणजे कंपनीकडे माल होता. गर्दीच्या दिवसांत जास्तीचा माल ठेवण्याच्या तात्पुरत्या जागा जुन्या नोकरांना तोंडपाठ होत्या, पण त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदविलेल्याच नव्हत्या. माल पडून राहिला आणि संगणक ‘माल नाही’ असे सांगत राहिला. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पुऱ्या झाल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

लिडल : हट्टाचा धडा

दुसरे उदाहरण जर्मनीतील लिडल या किराणा दुकानांच्या साखळीचे. तिने २०११ साली सॅप या प्रसिद्ध सॉफ्टवेअरवर आपला व्यवहार नेण्यास सुरुवात केली. सॅपच्या तयार रचनेत शिल्लक मालाची किंमत विक्रीच्या भावाने धरली जात होती. लिडलची जुनी पद्धत खरेदीच्या भावाने धरण्याची. कंपनी आपली पद्धत बदलायला तयार झाली नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फेरफार सुरू झाले. एका फेरफारातून दुसरा निघाला, काम गुंतागुंतीचे व महाग होत गेले आणि जुलै २०१८ मध्ये सात वर्षांची मेहनत सोडून देण्यात आली. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्या.

शिवलेला कपडा थोडा आत-बाहेर करता येतो. पण कोट उसवून त्याची शेरवानी करू गेल्यास कापडही जाते आणि मजुरीही. आपली कोणती पद्धत धंद्याचा कणा आहे आणि कोणती नुसती सवय आहे, हे खरेदीपूर्वी ठरविले पाहिजे.

खरेदीपूर्वी काय करावे?

१) आपला व्यवहार कागदावर लिहावा. माल कोठून येतो, कोण मोजून घेतो, बिल कोण करतो, उधारी कोठे लिहिली जाते, परत आलेला माल कसा धरला जातो, हे क्रमाने लिहून काढावे. समजा, मालेगाव किंवा भिवंडीत एक व्यापारी विणकरांना सूत देतो आणि मजुरीवर कापड विणून घेतो. सूत वजनावर जाते, कापड मीटरवर व ताक्यावर परत येते, मध्ये काही सूत वाया जाते. सुताचे चलन करावे लागते आणि जीएसटी कायद्याप्रमाणे असा कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा मजुरीच्या जागेवरूनच त्याची विक्री व्हावी लागते. किराणा दुकानासाठी बनविलेले सॉफ्टवेअर हा हिशेब ठेवू शकणार नाही. विक्रेता हे आपण होऊन सांगेलच असे नाही, कारण आपला धंदा त्याला माहीत नसतो.

२) गरज आणि सवय वेगळी करावी. वजनाने देऊन मीटरने घेणे ही गरज आहे. बिल अमुकच आकाराच्या कागदावर छापणे ही सवय आहे. गरजेसाठी आग्रह धरावा, सवय सोडून द्यावी.

३) आपली बिले देऊन परीक्षा घ्यावी. विक्रेत्याने तयार करून आणलेला नमुना नेहमी सुरळीतच चालतो. आपल्या वहीतील वीस खरे व्यवहार काढावेत. त्यात परत आलेला माल, अर्धी रोख व अर्धी उधारी, जुनी थकबाकी आणि घासाघीस करून दिलेली सूट हे सर्व असावे. ते आपल्यासमोर भरून दाखवायला सांगावे, आणि त्या वेळी मुनीमजींना शेजारी बसवावे.

४) पूर्ण खर्च विचारावा. विकत घेण्याची किंमत ही सुरुवात असते. वार्षिक वर्गणी, दुसऱ्या संगणकावर चालविण्याचे पैसे, शिकविण्याची फी, जुने हिशेब भरण्याची मजुरी आणि कायदा बदलल्यावर करावयाची सुधारणा, असा तीन वर्षांचा एकूण आकडा काढावा. फुकट मिळते म्हणून चोरीची प्रत वापरू नये. कॉपीराइट कायद्यानुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणे गुन्हा आहे. शिवाय ती बिघडल्यास जबाबदार कोणीच नसतो.

५) आपल्याच धंद्यातील जुन्या ग्राहकांना भेटावे. ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर एक वर्ष चालले आहे अशा दोघांची नावे विक्रेत्याकडून घ्यावीत. तेथे मालकाबरोबरच रोज काम करणाऱ्या माणसाशीही बोलावे. बिघाड झाल्यावर किती तासांत किंवा किती दिवसांत दुरुस्ती झाली, हा प्रश्न जरूर विचारावा.

६) करार लेखी असावा. कोणती कामे होणार, किती दिवसांत होणार, पैशाचा कोणता हप्ता कोणत्या कामानंतर द्यायचा, हे लिहून घ्यावे. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, हिशेबाची माहिती आपली मालमत्ता राहील आणि सॉफ्टवेअर सोडताना ती दुसरीकडे वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. हे कलम नसेल तर आपली वही दुसऱ्याच्या कपाटात आणि किल्लीही त्याच्याच खिशात, अशी अवस्था होते.

सॉफ्टवेअर सुरू करताना

सुरुवात मंदीच्या दिवसांत करावी. नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, म्हणजे १ एप्रिल, हिशेबाला सोयीचा वाटतो. पण कापड, चप्पल, अत्तर, सुका मेवा या धंद्यांत रमजानची गर्दी लक्षात घ्यावी लागते. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने कधी दोन्ही एकत्र येतात. २०२५ साली आपल्याकडे रमजान ईद ३१ मार्चला होती. अशा वर्षी १ एप्रिलचा हट्ट धरणे म्हणजे हर्शीची चूक पुन्हा करणे होय. दोन्ही दिनदर्शिका समोर ठेवून तारीख ठरवावी.

सुरू करण्यापूर्वी माल प्रत्यक्ष मोजावा. पोटमाळा, घराची मागची खोली, दलालाकडे ठेवलेल्या गाठी, कारागिराकडे दिलेले सूत, अशी प्रत्येक जागा नोंदवावी. जी जागा सॉफ्टवेअरला सांगितली नाही, तेथील माल त्याच्या लेखी नसतो.

सर्व कामे एकदम नेऊ नयेत. प्रथम बिले, ती नीट बसली की माल, नंतर उधारी व मजुरी. निदान दोन महिने जुनी वही सोबत चालू ठेवावी आणि रोज रात्री गल्ला, वही व पडदा यांचा मेळ घालावा. फरक आला तर त्याच दिवशी शोधावा. हे काम दुप्पट वाटते खरे, पण चूक एका दिवसाची असताना सापडते. वर्षाअखेर ती शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

जुन्या मुनीमाला डावलू नये. वीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला वाटते की संगणक आला, आता आपली गरज संपली. खरे तर कोणता ग्राहक कधी पैसे देतो आणि कोणत्या मालात घट येते हे त्यालाच ठाऊक असते. त्याला सन्मानाने शिकवावे, शिकण्यासाठी कामाच्या वेळेतूनच वेळ द्यावा.

हिशेबाची दुसरी प्रत रोज दुकानाबाहेर सुरक्षित ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. जीएसटी कायद्यानुसार नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. संगणक बंद पडला ही सबब चालत नाही.

यंत्राची साक्ष

शेवटी एक गंभीर बाब. ब्रिटनमधील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची बाहेरच्या कंपनीने बनविलेली हिशेब यंत्रणा बसविली. शाखा चालविणाऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण संगणक चुकत नाही असे धरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले. काही तुरुंगात गेले, अनेकांनी घरदार विकून न घेतलेले पैसे भरले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचे मान्य केले. शाखा चालविणाऱ्याला न कळता दुरून त्याच्या हिशेबात बदल करता येत होता, हेही उघड झाले. अखेर मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो लोकांची शिक्षा रद्द केली.

दुकान लहान असले तरी हा धडा आपल्यालाही लागू आहे. पडद्यावर दोन हजारांची तूट दिसली म्हणून गल्ल्यावरच्या मुलावर आळ घेण्यापूर्वी बिले, चलने व वही तपासावी. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असावा, म्हणजे कोणती नोंद कोणी केली ते कळते. नोंद बदलली तर जुनी नोंद, बदलाची तारीख व बदलणाऱ्याचे नाव मागे राहील असेच सॉफ्टवेअर घ्यावे. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत कंपन्यांना अशी सोय असलेले सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. भागीदारीतल्या किंवा एकट्याच्या धंद्यावर ही सक्ती नसली तरी त्यांनीही तीच काळजी घेणे शहाणपणाचे आहे. दुरुस्तीसाठी विक्रेत्याचा माणूस दुरून आपल्या संगणकात शिरतो तेव्हा स्वतः समोर बसावे आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.

सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. योग्य निवडले तर उधारी वेळेवर वसूल होते, पडून राहिलेला माल लक्षात येतो आणि विवरणपत्र मुदतीत जाते. पण ग्राहकाचा, कारागिराचा आणि सरकारचा हिशेब चोख ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. ज्यांचा घेण्याचा विचार असेल त्यांनी या आठवड्यात एकही प्रतिनिधी दुकानात बोलावू नये. आधी एक कोरी वही घ्यावी, मुनीमजी व कारागिरांना सोबत बसवावे आणि आपल्या दुकानात एक ताका किंवा एक पेटी आल्यापासून तिचे पैसे हाती येईपर्यंत काय काय घडते ते लिहून काढावे. ती वही पूर्ण झाली की प्रतिनिधीला काय विचारायचे ते आपोआप कळेल.