गरोदरपणातली फिजिओथेरपी, व्हिडिओ कॉलवरून

१. पहिल्या कॉलला व्यायाम नाही. अंगावरून रक्त गेलं होतं का, वार खाली आहे का, रक्तदाब वाढलाय का, हे आधी विचारते. प्रसूतितज्ज्ञांचा होकार लागतो. घरात कोण आहे, त्यांचा नंबर काय, तेही लिहून घेते. कारण गरोदर बाईला चक्कर आली तर मी शेजारी नसते.

२. फोन जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायला लावते, म्हणजे ती बाजूने डोक्यापासून पावलांपर्यंत दिसते. मग म्हणते, "रोजच्यासारख्या पलंगावरून उठा बघू." बहुतेक जणी पाठीवरून झटक्यात उठतात. कुशीवर वळा, गुडघे जुळलेले ठेवून पाय खाली सोडा, हातांनी रेटा द्या. एवढ्यानेही जांघेतली आणि कमरेखालची कळ पुष्कळदा हलकी होते. कुणी एका पायावर उभी राहून सलवार घालते, कुणी भरलेली बादली एका हाताने उचलते. दुखणं वाढवणाऱ्या या सवयी क्लिनिकमध्ये मला कधीच दिसल्या नसत्या. म्हणून दूरची तपासणी मी कमअस्सल मानत नाही.

३. लघवी गळते का, हे सासूबाई खोलीत असताना कोणी सांगत नाही. दार लावून, इअरफोन घालून बोलायचं. मी प्रश्न असा विचारते की हो-नाही एवढंच उत्तर पुरावं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू लघवी आणि वारा रोखल्यासारखे आत-वर ओढायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. स्नायू मला दिसत नाहीत. रोखलेला श्वास आणि आवळलेले नितंब मात्र दिसतात, तेच सुधारते.

४. अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, हे माप पुरेसं.

५. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, एकाच पोटरीत सूज, छातीत दुखणं: व्यायाम बंद, लगेच दवाखाना. यात "थोडं थांबून बघू" नाही.

६. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि एरवी उपचार तुटतात. कॉल तुटत नाही. तिथे मी आईलाही समोर बसवते. "आता काही करू नकोस" म्हणणाऱ्या आईला बाळंतपणाच्या कळांच्या वेळी माकडहाडाच्या वर तळव्याने दाब द्यायला शिकवते. कळ आली की दाबायचं, ओसरली की हात सैल. किती जोर हवा, ते मुलगीच सांगेल.