होम्स ‘डिड्यूस’ करतो का?

प्रश्न : ‘डिड्यूस’ आणि ‘इन्फर’ यांत फरक काय?

उत्तर : ‘इन्फर’ म्हणजे खुणांवरून अनुमान काढणे, ते चुकूही शकते. तर्कशास्त्रातले ‘डिड्यूस’ मात्र कडक शिस्तीचे : गृहीतके खरी असली की निष्कर्ष टळत नाही. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीमध्ये (1887) रापलेला चेहरा, जखमी हात पाहून गुप्तहेर शेरलॉक होम्स ओळखतो, की लष्करी डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानातून आले आहेत. तो याला डिडक्शन म्हणतो; पण लष्करी डॉक्टर दुसऱ्या उष्ण मुलखातही जखमी होऊ शकतो. माझ्या मते हे ‘इन्फर’च. बोलीभाषेत दोन्ही चालतात, दोन्हींना ‘फ्रॉम’ लागते. पगारपत्रकातल्या ‘डिडक्शन’चे क्रियापद मात्र वेगळे : ‘डिडक्ट’.