एकच पद, दोन चाली : पं. जितेंद्र अभिषेकी

संगीत नाटक म्हटलं की आपल्या होस्टेलवर प्रतिक्रिया ठरलेली, "आजोबांचा विषय आहे, सोड!" पण २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा रात्री जागून पाहणारेही हेच. त्यातल्या काही चाली १९६७ च्या मूळ नाटकातल्या आहेत आणि त्या पं. जितेंद्र अभिषेकींच्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

अभिषेकी मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. जन्म १९२९. मूळ आडनाव नवाथे. देवळात अभिषेक करणारं घराणं म्हणून 'अभिषेकी'. वडील कीर्तनकार. पुढे अजमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे तालीम आणि मुंबई आकाशवाणीवर नोकरी. म्हणजे देवळातलं भजन, घराण्याची गायकी आणि रेडिओवरचं मोजक्या मिनिटांचं गाणं, असा सगळा माल त्यांच्या पोतडीत होता.

आता मुद्द्याचं. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये (१८८२) शंभरावर पदं. त्यात 'वन्स मोअर' सुरू झाले की नाटक पहाटेपर्यंत! गाणं रंगायचं, पण कथा तिथंच खोळंबायची. बोलपट आल्यावर हा थाट परवडेना. १९६४ साली वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' आलं. त्यात अभिषेकींनी पद आटोपशीर केलं. प्रसंगाला लागेल तेवढंच गाणं! शिवाय गळा पाहून चाल. रामदास कामतांसाठी केलेली पदं तान-आलापाला जागा देणारी, तर आशालता वाबगावकरांची पदं भावगीताच्या जवळ जाणारी. (तिकडे अमेरिकेत रिचर्ड रॉजर्सनं 'ओक्लाहोमा'मध्ये १९४३ ला गाणी अशीच कथेत गुंफली होती.) त्यानंतर 'ययाति आणि देवयानी', 'हे बंध रेशमाचे' अशी नाटकं आली.

पण खरा कस लागला तो पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार'मध्ये. नाटकाचा विषयच दोन घराण्यांचं वैर. एकीकडे पंडित भानुशंकर, दुसरीकडे खाँसाहेब. संवादात कितीही सांगितलं तरी हा फरक प्रेक्षकाच्या कानाला कळला नाही तर नाटक कोसळलंच म्हणून समजा. आणि दोन्ही घराण्यांना गाणं देणारा संगीतकार एकच!

अभिषेकींचा तोडगा अभ्यासण्यासारखा आहे. भुंग्यावरचं एक पद आहे, शब्द तेच, चाली दोन. एक धानी रागात, प्रसाद सावकारांनी गायलेली, चपळ, सरळ. दुसरी सालगवराळीत, वसंतराव देशपांड्यांची. संथ सुरू होते, शब्दाला वळसे घालत, अनपेक्षित जागा घेत. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट एकच, सिस्टिम दोन, आणि आऊटपुटवरून सिस्टिम ओळखता येते! शास्त्र न शिकलेल्या माझ्यासारख्यालाही दोन घराणी म्हणजे काय ते इथं समजलं. पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येनं नसतं समजलं.

याच नाटकात झरीना साकारणाऱ्या फैय्याज आपल्या सोलापूरच्या, बरं का! २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षाही त्याच होत्या.

अभिषेकी १९९८ मध्ये गेले. शिष्य मात्र भरपूर तयार करून गेले. शौनक अभिषेकी, अजित कडकडे, देवकी पंडित ही त्यातली काही नावं. 'कट्यार' सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळेही त्यांचेच शिष्य, आणि शिक्षणानं इंजिनिअर! तरी मला एक गोष्ट खटकते. आज ही पदं ऐकू येतात ती बहुतेक मैफलीत, प्रसंगापासून सुटी करून. अभिषेकींनी ज्यासाठी ती बेतली तो प्रसंगच समोर नसतो, मग निम्मी करामत वायाच जाते ना? गाणारा नट आणि अभिनय करणारा गवई एकाच माणसात सापडणं दुर्मिळ झालंय, हे त्याचं मोठं कारण.

वसंतरावांची चाल बहुतेकांच्या मोबाईलवर असतेच. ती लावण्याआधी धानीतली एकदा ऐका, लगेच दुसरी लावा, आणि मध्ये कुणाला बोलू देऊ नका.