बाळ कुणाच्या पापामुळे गेलं?

प्रश्न : माझ्या जावेचं आठ दिवसांचं बाळ गेलं. मरण पापामुळेच येतं, तेव्हा आईबापाचंच काही चुकलं असेल, असं घरातले वडीलधारे म्हणतात. बायबल खरंच असं सांगतं का?
– एक भगिनी, केज (जि. बीड)

उत्तर : नाही, ताई. आदाम-हव्वेने आज्ञा मोडली, ती गोष्ट उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायात आहे. त्यातूनच पाप आणि पाठोपाठ मरण जगात शिरलं, असं पौल रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात मांडतो. पण ही साऱ्या मानवजातीची दशा आहे, एकेका घराचा हिशेब नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं : पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? दोघांवरचाही ठपका येशूने पुसून टाकला (योहान 9). शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले 18 जणही इतरांहून जास्त पापी नव्हते, असं त्याने बजावलं (लूक 13).

पाळकांना घरी बोलवा, हे उतारे वडीलधाऱ्यांसमोर वाचून घ्या.

जावेची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. बाळंतपणानंतर असं दुःख आजाराचं रूप घेऊ शकतं. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. आणि तिला आज एकटं सोडू नका.